विरघळली का बघ

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी खोली शोधत फिरत होते तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग लग्नाचं. बाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, समोर स्टीलचे पेले ओळीनं मांडले आणि साखरेचा डबा पुढं सरकवला. एका पेल्यात माठातलं पाणी होतं, एकात गरम पाणी, एकात फ्रिजमधलं दूध आणि शेवटच्यात शेंगतेल.

"सगळ्यांत सारखी साखर घाल आणि ढवळ," त्या म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

मी मलकापूरहून आलेली, बँकेत नुकतीच लागलेली. मुलाखती देऊन देऊन इतकी घाबरट झाले होते की हीसुद्धा एक मुलाखतच समजून ढवळायला लागले. गरम पाण्यातली साखर बघता बघता गेली. माठातल्या पाण्यात ती तळाशी फिरत राहिली, मग हळूहळू कमी झाली. दुधात काही दिसेना म्हणून मी चमचा बाहेर काढला, तर बाईंनी माझं मनगट धरलं.

"दुधात डोळ्यांना दिसत नाही. चमच्याला विचार. तळाशी खरखरतंय का?"

खरखरत होतं. मी परत ढवळायला लागले.

तेलात तर साखर नदीतल्या वाळूसारखी नुसती बसून होती. "ही कधी विरघळेल?" बाईंनी विचारलं.

"अजून थोडं ढवळलं तर..."

"उद्यापर्यंत ढवळलंस तरी नाही विरघळायची. तेल साखरेला घेत नाही. तूप नाही, रॉकेल नाही, पेट्रोल नाही. लक्षात राहील?"

बाहेरच्या खोलीतून एक जाडा, सुखी आवाज आला, "काय झालं? पास का नापास?"

"नापास," बाई म्हणाल्या. "पण शिकेल." आणि वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

तो आवाज आप्पांचा, म्हणजे बाईंच्या यजमानांचा. दोघं एकाच शाळेत होते. बाई विज्ञान शिकवायच्या, आप्पा पी. टी. घ्यायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्या गल्लीतला औषधवाला, बेकरीवाला, शेजारच्या दवाखान्यातली डॉक्टरीण सगळे त्यांना "बाई"च म्हणायचे, कारण सगळ्यांनी कधी ना कधी त्यांच्या हातची पट्टी खाल्ली होती. आप्पा तरुणपणी तालमीत मेहनत केलेले. खांदे अजून दाराएवढे, पण आतून मधुमेहानं पोखरलेले. दिवसातून दोनदा पोटात इन्शुलिनची सुई. सुई टोचली की जेवण वेळेवर व्हायलाच हवं. नाही झालं तर साखर झपकन खाली येते, माणूस घामाघूम होतो, बडबडतो, पडतो. हे सगळं मला बाईंनी पहिल्याच आठवड्यात जिन्याच्या पायरीवर बसवून समजावलं. त्यांचा तो बारीक, ताणलेला आवाज आणि सारखे आतल्या खोलीकडं वळणारे डोळे बघून मला त्यांच्या विचित्रपणाचं हसू येईनासं झालं.

विचित्रपणा मात्र भरपूर होता. आप्पा न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिले की बाई दारावर टकटक करून विचारायच्या, "अहो, सात सक किती?" उत्तर बरोबर आलं म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. साखर उतरली की माणसाला साधी बेरीज येत नाही, असं त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

आतून आप्पा ओरडायचे, "शाळेत असताना तरी मला येत हुतं का?"

"उत्तर द्या!"

"बेचाळीस! अंगाला साबण लावू दे की आता!"

एकदा त्यांनी गमतीनं "पन्नास" म्हटलं. बाईंनी किंचाळून मला वरून बोलावलं. मी धावत खाली येईपर्यंत आप्पा टॉवेल गुंडाळून दारात उभे होते आणि बाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. ओठ पांढरे पडले होते. त्यानंतर आप्पांनी कधी चुकीचं उत्तर दिलं नाही.

साखरेचं वेड कुठून आलं ते मी एकदा विचारलं. कबनूरला नात्यातल्या एका साखरपुड्यात आप्पांना असाच घाम फुटला होता. लोकांना वाटलं, उन्हानं झालं असेल. बाई धावत आल्या आणि गोड काहीतरी द्या म्हणाल्या, तेव्हा कुणीतरी ताटातला बेसनाचा लाडू उचलून आप्पांच्या तोंडात घातला.

"गोडच होता ना तो," बाई म्हणाल्या. "पण तुपात भाजलेलं बेसन. टाळूला चिकटून बसलं. साखर आत अडकलेली, आणि मी शेजारी बसून बघत होते की हे डोळे फिरवतायत. विज्ञान शिकवत होते मी तेव्हा! वर्गात दरवर्षी सांगत होते, काय कशात विरघळतं आणि काय नाही. मला सुचलं नाही गं. एका बाईनं सरबताचा पेला आणला म्हणून हे वाचले."

तेव्हापासून त्यांचं एकच वाक्य. विरघळली नाही म्हणजे पोचली नाही. चहा दिला की "विरघळली का बघ". लिंबू सरबतात कुणी बर्फ आधी आणि साखर नंतर घातली की त्या अस्वस्थ व्हायच्या, पेला परत मागून घ्यायच्या. देवळातून खडीसाखरेचा प्रसाद आला की खलबत्त्यात कुटून पीठ करायच्या. "खडा चघळत बसायला वेळ कुणाला आहे?" एका लग्नाच्या बैठकीत मुलाचा मामा खुशीनं म्हणाला, "म्हणजे दुधात साखरच पडली की!" तर बाईंनी अगदी काळजीनं विचारलं, "दूध तापवलेलं होतं का?"

साखरपाण्याच्या बाटल्या त्यांनी गल्लीभर वाटल्या होत्या. आप्पांचा फिरायचा रस्ता ठरलेला, म्हणून त्या रस्त्यावर बेकरीत एक, सलूनमध्ये एक, कोपऱ्यावरच्या रिक्षा थांब्यावर बाबूभाईंच्या रिक्षात एक. दर दोन दिवसांनी जुनं पाणी ओतून नवं भरायच्या. एकदा तपासणीला गेल्या तर बाबूभाईंची बाटली रिकामी.

"बाई, ऊन लय हुतं," बाबूभाई मान खाली घालून म्हणाले.

"आणि आप्पा इथं पडले असते तर?"

"तर मी त्यास्नी उचलून थेट दवाखान्यात नेलं असतं. तुमच्या बाटलीपरास माझी रिक्षा जोरात हाय."

बाईंनी दुसरी बाटली भरून दिली. घरी येताना मात्र मला म्हणाल्या, "तहान लागली म्हणून प्यायले. मी कुणाकुणाच्या तहानेवर लक्ष ठेवू?"

त्यांची काळजी हळूहळू मलाही लागली. बँकेत चहा पिताना मी चमचा तळाशी घासून बघायला लागले. दुपारी फोन वाजला आणि बाईंचं नाव दिसलं की मी हातातलं काम टाकून बाजूला जायचे. बहुतेक वेळा "येताना कोथिंबीर आण" एवढंच असायचं. पण उचलेपर्यंतचा तो क्षण जीवघेणा.

आणि मग तो शनिवार आला. बँकेला सुट्टी होती. उन्हाळा भरात होता. बाईंनी लोणच्याचा घाट घातला होता. सकाळपासून कैऱ्या चिरणं चाललं होतं. मोहरी फेसल्याचा, हिंगाचा वास जिन्यावरून वरपर्यंत येत होता. मी खोलीत कपड्यांना इस्त्री करत होते. दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली होती, पण खालून ताटांचा आवाज आला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं आणि मी इस्त्री बंद केली. तेवढ्यात खाली काहीतरी जड पडलं. पाठोपाठ एक परात घरंगळत गेल्याचा आवाज.

मी जिना कसा उतरले आठवत नाही.

आप्पा स्वयंपाकघराच्या फरशीवर होते, पाठ भिंतीला, एक पाय वाकडा. बनियन घामानं अंगाला चिकटलेली. डोळे अर्धवट उघडे, पण बघत कुठंच नव्हते. ओठ हलत होते. कैऱ्यांच्या फोडी सगळीकडं पसरलेल्या. बाई त्यांच्यापुढं गुडघे टेकून बसल्या होत्या आणि एका मोठ्या पेल्यात चमचा फिरवत होत्या. भराभर, थांबल्याशिवाय. चमचा पेल्याला सारखा आपटत होता.

"बाई, द्या ना त्यांना," मी म्हटलं.

"विरघळंना गं," त्या म्हणाल्या. शाळेतली भाषा गेली होती, आवाज पोरीसारखा झाला होता. "बघ की, किती ढवळलं तरी विरघळंना."

मी वाकून पाहिलं. पेल्यात तेल होतं. लोणच्यासाठी कडवून गार करायला ठेवलेलं. त्याच्या तळाशी साखरेचा जाड थर जसाच्या तसा बसलेला.

"बाई, हे तेल आहे."

त्यांना ऐकू गेलं नाही. मी पेला धरला, तर त्यांनी सोडला नाही. आमची दोघींची ओढाताण झाली आणि तेल माझ्या हातावरून त्यांच्या मांडीवर सांडलं. मी तो तसाच त्यांच्या हातात ठेवून उठले. घरातल्या साखरपाण्याच्या बाटल्या त्या दिवशी नेमक्या धुऊन गच्चीवर पालथ्या घातलेल्या. तेलकट हातांनी डब्याचं झाकण निघेना. पिठीसाखर घ्यायची, बारीक असते. पाणी कोमट घ्यायचं. हे सगळं त्यांनीच मला शिकवलं होतं. गॅसवर पातेल्यात गरम पाणी होतं, त्यात माठातलं ओतलं, पिठीसाखर घातली, ढवळली. पारदर्शक झालं. एवढं साधं होतं ते.

"आप्पा, गिळता येतंय का? आप्पा!"

गिळत नसेल तर तोंडात थेंबसुद्धा घालायचा नाही, सरळ दवाखान्याची गाडी बोलवायची, हेही बाईंनीच शिकवलेलं. मी चमच्यानं थोडंसं ओठांना लावलं. आप्पांचा गळा हलला. मग एक चमचा. त्यांनी माझा हात झटकला, काहीतरी शिवी दिली. मग परत एक चमचा. कितीदा तसं केलं कुणास ठाऊक. मागं बाई अजून ढवळतच होत्या, आणि तो चमच्याचा आवाज ऐकून मला वाटत होतं, मी ओरडेन.

बेकरीवाल्यानं आवाज ऐकून बाबूभाईंना पाठवलं. ते चपला न काढता आत आले, खाली वाकले आणि आप्पांच्या काखेत हात घातला. तोवर आप्पांच्या डोळ्यांत थोडं भान आलं होतं. त्यांनी बाबूभाईंकडं बघून विचारलं, "तू हितं कशाला?"

"तुमास्नी फिरवायला," बाबूभाई म्हणाले. "चला, आप्पा. उठा."

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीण म्हणाली, वेळेवर पोटात गेलं म्हणून बरं झालं, संध्याकाळपर्यंत राहू दे. आप्पा झोपले. बाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. साडीला तेलाचे डाग. त्यावर साखर सांडून चिकटलेली आणि ती त्या नखानं एक एक दाणा काढत होत्या.

"सुई टोचली आणि वाढायचं राहिलं," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "म्हटलं, एवढ्या फोडी होऊ देत. आणि नंतर ते तेल. मला पाणीच दिसत होतं गं. शपथेवर सांगते, पाणीच दिसत होतं."

"घाबरलं की होतं, बाई."

"ह्यांना कळू देऊ नकोस." त्यांनी माझा हात धरला. तळवा गार होता. "त्यांचा माझ्यावर भरवसा आहे. तो गेला तर ते मला सांगायचेच नाहीत. घाम आला तरी लपवतील. मग मी काय करू?"

मी कबूल केलं.

आठवड्याभरानं आप्पा सकाळच्या उन्हाला गच्चीवर आले. मी कपडे वाळत घालत होते. खाली बाईंची पुण्याच्या मुलीशी फोनवर बोलायची वेळ होती. "सगळं छान चाललंय" असं त्यांचं मोठ्यानं चाललं होतं. आप्पांनी जिन्याकडं बघून घेतलं आणि आवाज उतरवला.

"तिला वाटतंय, मी बेशुद्ध हुतो. वाटू दे. पर मला समदं ऐकू येत हुतं. जीभ तेवढी उचलत न्हवती."

मी टॉवेल दोरीवर टाकून त्यांच्याजवळ गेले.

"तेल हुतं न्हवं त्यात? तू म्हणालीस ते ऐकलं मी. तिला सांगू नको, मला ठाऊक हाय म्हणून. ती सोताला खाऊन टाकील."

आता दोघांचंही गुपित माझ्याकडं होतं आणि गुपित एकच होतं. त्यांच्यात बसून जेवताना मी प्रत्येक वाक्य आधी मनात बोलून बघायचे. तेल, पेला, कैरी, कुठलाही शब्द तोंडातून निसटेल अशी भीती. लोणचं तर त्या वर्षी झालंच नाही.

बाई बदलल्या. त्यांनी बेकरीतली, सलूनमधली, बाबूभाईंची, सगळ्या बाटल्या गोळा करून आणल्या. लोकांना "विरघळली का" विचारणं बंद केलं. न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या, पण सात सक विचारायच्या नाहीत, नुसत्या कान लावून उभ्या. बाबूभाईंनी एकदा मला थांबवून विचारलं, "बाई रागावल्यात काय आमच्यावर? बाटली नेली ती नेलीच." त्यांना काय सांगणार? त्यांनी स्वतःच एक बाटली भरून सीटखाली ठेवली होती. ती मला दाखवली. "गरम पाण्यात ढवळलीया," म्हणाले.

मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती बाईंच्या हातांची. पाणी ओतताना त्या पेला नाकाशी नेऊन वास घ्यायच्या. मग बोट बुडवून चोळून बघायच्या. मग परत वास. स्वतःच्या डोळ्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. आणि घरातलं तेल त्यांनी उचलून सगळ्यात वरच्या फळीवर, पातेल्यांच्या मागं ठेवून दिलं होतं. फोडणी बंद. भाजी उकडून, आमटी नुसती शिजवून, मीठ घालून. विचारलं तर म्हणायच्या, "ह्यांच्या तब्येतीला बरं." आप्पा मुकाट्यानं खात होते. कोल्हापुरात जन्म काढलेला, रश्श्यावर तवंग नसेल तर ताटाकडं न बघणारा माणूस, तो पाण्यात उकडलेला दोडका गिळत होता आणि "बरं लागतंय" म्हणत होता. मला वाटायचं, हे असंच चालणार. दोघं एकमेकांना सांभाळता सांभाळता वाळून जाणार आणि मी बघत बसणार.

एका रविवारी बाईंनी मला जेवायला बोलावलं. मटण होतं. आप्पा सकाळपासून खुशीत, स्वतः जाऊन आणलेलं. पाटावर बसले, ताटात वाढलेलं बघितलं आणि हात मागं घेतला. फिकट पाणी आणि त्यात तरंगणारे तुकडे.

"हे काय?" ते म्हणाले.

"रस्सा."

"ह्याला रस्सा म्हणत्यात व्हय? आजारी माणसाला पाजत्यात तसलं सूप हाय हे!"

"तेल कमी खायला सांगितलंय डॉक्टरांनी."

"कमी म्हणाली ती. बंद कर म्हणाली न्हाय." आप्पांचा आवाज चढला. "किती दिस हे चालवायचं? एकदा तेलात साखर ढवळलीस म्हणून काय जल्मभर पाणी पाजणार हाईस मला?"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघितलं.

बाई पळी हातात धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या खाली बसणार, जशा त्या "पन्नास"च्या दिवशी बसल्या होत्या. मी अर्धवट उठलेसुद्धा.

"तुम्हाला ऐकू येत होतं?" बाई म्हणाल्या.

"येत हुतं."

"किती?"

"समदंच."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे, मी वाढायला विसरले."

"मी पण मागायला इसरलोच की. कैरीच्या फोडी खात बसलतो मीठ लावून. भूक लागलीया हे तोंडानं सांगता येत न्हवतं काय मला?" आप्पांनी ताट थोडं पुढं ढकललं. "आन् नुसता चमच्याचाच आवाज ऐकला न्हाय मी. ही पोरगी जिन्यावरनं येण्याआधी तू मला हाक मारत हुतीस."

"मारली असेल. अहो, अहो म्हणून."

"अहो न्हाय." आप्पा हसले नाहीत. "नावानं."

बाईंचा चेहरा लाल झाला. म्हातारपणी एवढी लाजलेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. अख्ख्या संसारात त्यांनी कधी आप्पांचं नाव घेतलं नव्हतं. शाळेत "सर", घरात "अहो", आमच्याशी बोलताना "हे". मतदार यादीत नाव शोधतानासुद्धा बोट ठेवून दाखवायच्या.

"काहीतरीच," त्या म्हणाल्या. "तुम्ही शुद्धीवर नव्हता."

"हुतो. लग्नात समद्यांनी हट्ट केला तरी घेतलं न्हाईस, ते धा येळा घेतलंस. मला वाटलं, मरायला लागलो तरी बरंच हाय की." मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "परत एकदा घे की."

"गप्प बसा. अन्न थंड होतंय."

त्या ओट्याकडं वळल्या. खांदे हलत होते. मग पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "वरच्या फळीवरचा डबा काढ गं. माझा हात पोचत नाही."

मी स्टुलावर चढून पातेल्यांच्या मागचा तेलाचा डबा काढून दिला. त्यांनी वास घेतला नाही, बोट बुडवलं नाही. कढईत ओतलं, तापू दिलं, लसूण टाकला, चटणी टाकली. तेल चरचरून वर आलं, ठसका लागेल असा वास घरभर भरला. त्या आवाजात, आमच्याकडं पाठ करून, बाई काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही.

आप्पांनी ताटावर मान खाली घातली आणि म्हणाले, "ओ."